एका हंडीतले चार दिवस : मेक्सिकन घरातले फ्रिहोलेस, अगदी पहिल्यापासून

मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी अर्धा किलो फ्रिहोलेस, म्हणजे घेवड्याचे सुके दाणे, शिजवले. मला ताकोत भरायला कोरडे दाणे हवे होते, म्हणून ते चाळणीत उपसले आणि खालचं पाणी ओतून द्यायला निघाले. शेजारच्या आजी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी माझा हातच धरला. एका लहान वाडग्यात ते तपकिरी पाणी घेतलं, चिमूटभर मीठ घातलं, वर लिंबाचे दोन थेंब पिळले आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. पुरणाच्या डाळीचा कट ज्या घरात कधी वाया गेला नाही त्या घरात मी वाढले. तरी घेवड्याच्या पाण्यालाही तोच मान असतो हे मला तिथे कळलं.

त्या पाण्याला काल्दो म्हणतात. मेक्सिकन घेवड्याचा सगळा स्वयंपाक या काल्दोभोवती फिरतो. दाणे एकदाच शिजतात, पण भरपूर. पहिल्या दिवशी ते रसासकट वाडग्यात येतात, दुसऱ्या दिवशी चरबीत परतून त्यांचा लगदा होतो, तिसऱ्या दिवशी तोच लगदा पातळ होऊन तोर्तियांवर, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्यांवर पडतो किंवा त्याचं सूप होतं. प्रत्येक रूपाला तो जपून ठेवलेला काल्दो लागतो. म्हणून इथे वेगवेगळ्या दहा पाककृती देत नाही. एकच हंडी चढवू आणि ती संपेपर्यंत तिच्या मागे जाऊ.

आधी दाण्यांची ओळख

फ्रिहोल म्हणजे आपला राजमाच, आणि आपल्या श्रावणघेवड्याच्या कोवळ्या शेंगाही त्याच वनस्पतीच्या. फेझिओलस व्हल्गारिस हे तिचं शास्त्रीय नाव. ती मूळची अमेरिका खंडाची. मेक्सिकोच्या बाजूला आणि दक्षिणेत अँडीज पर्वताच्या बाजूला, अशा दोन्हीकडे माणसांनी ती स्वतंत्रपणे लागवडीखाली आणली. कोलंबसाच्या सफरींनंतर ती जगभर गेली आणि आपल्यापर्यंतही पोहोचली. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तोही याच कुळातला.

मेक्सिकोत हे पीक एकटं उभं राहत नाही. मिल्पा नावाच्या पारंपरिक शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटाला धरून चढतो आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. भोपळ्याची रुंद पानं माती झाकतात, त्यामुळे ओल टिकते आणि तण कमी होतं. पानातही ही जोडी सुटत नाही. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते घेवड्यात भरपूर असतं. घेवड्यात जे कमी पडतं ते मका देतो. आपला वरण-भात ज्या हिशेबाने पोट भरतो, त्याच हिशेबाने तोर्तिया आणि फ्रिहोलेस हजारो वर्षं पोट भरत आले आहेत. स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत सत्ता असलेल्या अस्तेकांच्या राज्यात तर जिंकलेल्या प्रांतांकडून खंडणीत मक्याबरोबर घेवडाही घेत. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत घेवड्याला एत्ल म्हणतात.

आता खरेदीकडे. दक्षिणेत आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला, म्हणजे वाहाका, चियापास, व्हेराक्रूझ, युकातान या भागांत काळा घेवडा चालतो. मधल्या आणि पश्चिमेकडच्या भागात फिकट रंगाचे बायो, गुलाबी ठिपक्यांचा फ्लोर दे मायो, पिवळसर पेरुआनो. उत्तरेला चिवाहुआ-दुरांगोकडे ठिपक्यांचा पिंतो. साकातेकास हे घेवडा पिकवणारं आघाडीचं राज्य. शिवाय पुएब्ला-त्लाक्सकालाच्या थंड पठारांवर आयोकोते नावाचा मोठा, जाड, जांभळा किंवा काळा दाणा मिळतो. ती वेगळी जात आहे आणि तिला शिजायला बराच जास्त वेळ लागतो.

पुण्या-मुंबईत राहून करायचं असेल तर पिंतोच्या जागी चित्रा राजमा घ्या. दिसायला आणि चवीला तो सगळ्यात जवळचा आहे. वाघ्या घेवडा मिळाला तर त्याहून छान. त्याचा रस दाट येतो आणि साल तोंडात राहत नाही. काळा राजमा आता मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत मिळतो, दक्षिणेकडच्या पद्धतीसाठी तोच हवा. गडद लाल, जाड सालीचा राजमा मात्र मी घेत नाही. आपल्याकडच्या उपाहारगृहांत मेक्सिकन म्हणून येणाऱ्या बहुतेक पदार्थांत तोच असतो, पण मेक्सिकन घरांत तो क्वचितच दिसतो. ती सवय सीमेपलीकडच्या टेक्सासची.

दाणा कोणताही घ्या, पण जुना घेऊ नका. वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेला घेवडा कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. साल चमकदार हवी, सुरकुतलेली नको, आणि पुडीच्या तळाशी भुकटी साठलेली नको. दोन वेगळ्या दुकानांतले दाणे एकत्र करू नका, एक गळेल तेव्हा दुसरा कच्चा असेल.

निवडणं आणि भिजवणं

पहिलं काम आपल्या ओळखीचं: ताटात पसरून निवडायचं. खडे, मातीचे गोळे, अर्धवट दाणे बाजूला. मेक्सिकोत हे काम टेबलाभोवती बसून, गप्पा मारत करतात. नंतर दोन-तीन पाण्यांनी धुवायचं.

भिजवावे की नाही यावर तिथे घराघरांत मतभेद आहेत. आमच्या शेजारच्या आजी भिजवत नसत. त्यांचे दाणे त्याच वर्षीच्या हंगामाचे असत, आणि भिजवल्याने काळ्या घेवड्याचा रंग जातो असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही आहे, काळा घेवडा रात्रभर भिजवला तर जांभळं पाणी निघतं आणि काल्दो फिका होतो. पण आपल्याकडच्या दुकानातला दाणा किती जुना आहे ते आपल्याला कळत नाही. म्हणून माझा सल्ला: चित्रा, वाघ्या किंवा कोणताही फिकट, लालसर दाणा आठ तास भिजवा आणि ते पाणी टाका. काळा असेल तर चार तास पुरे, आणि दाणा ताजा असल्याची खात्री असेल तर भिजवूही नका.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अर्धकच्चे दाणे खाल्ले तर काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ते नष्ट व्हायला पाणी खळखळून उकळावं लागतं, निदान दहा मिनिटं तरी. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात, उकळी न फुटता शिजवलेला राजमा धोक्याचा असतो. कुकरमध्ये किंवा आधी नीट उकळलेल्या हंडीत ही भीती नाही.

हंडी चढवणं

या पदार्थाचं नावच फ्रिहोलेस दे ला ओया, म्हणजे हंडीतला घेवडा. ओया म्हणजे पोट फुगीर आणि तोंड थोडं अरुंद असलेलं मातीचं भांडं. त्यात उष्णता हळू आणि सारखी लागते, पाणी कमी उडतं आणि रसाला मातीचा किंचित वास येतो. मेक्सिकोहून असं भांडं आणणार असाल तर विकणाऱ्याला “लिब्रे दे प्लोमो?” असं विचारून घ्या, म्हणजे शिशाविना आहे का. तिथल्या जुन्या पद्धतीच्या चकचकीत झिलईत शिसं असतं आणि ते अन्नात उतरतं. आपल्याकडची झिलई नसलेली काळी किंवा लाल हंडी चालते, फक्त ती आधी पाण्यात बुडवून, मंद आचेवर तापवून तयार केलेली हवी. जाड बुडाचं स्टीलचं पातेलंही उत्तम.

अर्धा किलो दाण्यांना लागतं ते एवढंच: अर्धा मोठा कांदा न चिरता, लसणाच्या चार पाकळ्या, एक मोठा चमचा चरबी किंवा तेल, आणि अडीच ते तीन लिटर पाणी. मीठ नंतर. हिंग, जिरं, आलं, हळद यांतलं काहीही नको. आपला हात मसाल्याच्या डब्याकडे जातोच, पण पहिल्यांदा करताना त्याला आवरा. नुसत्या दाण्याची चव किती भरलेली असते ते एकदा जिभेला कळू द्या.

सगळं एकत्र करून मोठ्या आचेवर उकळी आणा. पहिली पंधरा मिनिटं खळखळून उकळू द्या, वर आलेला फेस काढा. मग आच इतकी कमी करा की पाण्यावर एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील. झाकण किंचित उघडं ठेवा. भिजवलेल्या दाण्यांना दीड तास, न भिजवलेल्यांना अडीच ते तीन तास धरून चाला. आयोकोते असेल तर आणखी जास्त.

पाणी दाण्यांच्या वर तीन-चार बोटं राहिलंच पाहिजे. कमी झालं की शेजारच्या शेगडीवर ठेवलेलं गरम पाणी घाला. गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं आणि सालं फुटतात. आमच्या आजी हंडीच्या तोंडावरच मातीचा छोटा वाडगा पाणी भरून ठेवायच्या. वाफेने ते आपोआप गरम होतं, हंडी झाकली जाते आणि लागेल तेव्हा तेच आत जातं.

मीठ केव्हा? तिथल्या सगळ्या जुन्या बायका सांगतात की आधी घातलं तर दाणे कडक राहतात. माझा अनुभव तसा नाही, भिजवणाच्या पाण्यात मीठ घातलं तर साल उलट मऊच होते. तरीही मी मीठ शेवटीच घालते, कारण तीन तासांत पाणी किती आटेल याचा नेम नसतो आणि खारट झालेला काल्दो सुधारत नाही. दाणा बोटांत दाबला की चिरडतो पण मधे किंचित खसखशीत लागतो, त्या वेळी दीड-दोन छोटे चमचे मीठ घालून पुढे वीस मिनिटं शिजवा. आंबट वस्तूंचं मात्र वेगळं आहे. टोमॅटो, लिंबू, चिंच यांनी दाणा खरोखरच कडक होतो, म्हणून त्या दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच. तुमच्या भागातलं पाणी जड असेल तर चिमूटभर खायचा सोडा चालतो. तिथे या कामाला तेकेस्किते नावाचं, आटलेल्या तलावांच्या काठी मिळणारं खनिज मीठ फार जुन्या काळापासून वापरतात.

काळ्या घेवड्यात शेवटच्या पंधरा मिनिटांत एपासोतेची एक फांदी पडते. या पाल्याला उग्र वास आहे, थोडा रॉकेलसारखा, थोडा पुदिन्यासारखा. पहिल्यांदा नाक मागे जातं, आणि दोन महिन्यांनी त्याच्याशिवाय काळा घेवडा अपुरा वाटतो. त्याने पोटात वारा धरत नाही असा तिथे विश्वास आहे. त्याची जागा घेणारं काही आपल्याकडे नाही. कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या घाला, चव वेगळी येईल पण चांगली येईल. वाहाका आणि पुएब्लात एपासोतेऐवजी अवोकाडोची वाळवलेली पानं तव्यावर शेकून घालतात, त्यांना बडीशेपेचा वास येतो. यासाठी ठरावीक मेक्सिकन जातीचीच पानं चालतात. अंगणातल्या कलमी झाडाची तोडून घालू नका, काही जातींच्या पानांत अपायकारक द्रव्य असतं. एक तमालपत्र आणि चिमूटभर बडीशेप एवढ्यावर तो वास बराचसा साधतो.

कुकरही निषिद्ध नाही. मेक्सिकोत शहरांतल्या कितीतरी घरांत फ्रिहोलेस कुकरमध्येच होतात. पाच लिटरच्या कुकरला अर्धा किलो पुरे, भांडं निम्म्याच्या वर भरू नका. भिजवलेले असतील तर पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर बारा मिनिटं, न भिजवलेले असतील तर पस्तीस. वाफ आपोआप जाऊ द्या. मग झाकण काढून, मीठ घालून, उघड्यावर वीस मिनिटं मंद उकळा. ही वीस मिनिटं गाळू नका, रस दाट होतो तो त्यातच.

झालं की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नका. वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पाच दाणे काढून जीभ आणि टाळूमध्ये दाबा. पाचही विरघळले तर हंडी उतरवा. कांदा काढून टाका, त्याने रस लवकर आंबतो असं आजी सांगायच्या. मग निदान अर्धा तास तसंच राहू द्या.

पहिला दिवस: वाडग्यातून

पहिल्या दिवशी फ्रिहोलेसना काहीही करायचं नसतं. खोलगट वाडग्यात दाणे आणि भरपूर काल्दो. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कुस्करलेलं ताजं चीज. तिथलं केसो फ्रेस्को आपल्याकडे नाही. पनीर हाताने चुरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं तर काम भागतं. लिंबाची फोड बाजूला. खायचं चमच्याने, दुसऱ्या हातात गरम तोर्तियाची गुंडाळी.

तोर्तियाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण इथेच बहुतेकांचं अडतं. तिथला मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, धुऊन ओला दळतात. याला निश्तामाल म्हणतात. चुन्याने साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. आपल्या गिरणीतल्या मक्याच्या पिठावर हा संस्कार झालेला नसतो, त्यामुळे त्याची तोर्तिया तुटते. निश्तामालचं वाळलेलं पीठ मिळालं तर घ्या. नाहीतर मक्याच्या पिठाची उकड काढून भाकरी थापा. आणि खरं सांगायचं तर ज्वारीची पातळ भाकरी या रसाबरोबर इतकी छान लागते की आमच्या घरी आता तीच होते.

अचानक पाहुणे आले की मेक्सिकोत म्हणतात, “एचाले मास आग्वा आ लोस फ्रिहोलेस”, घेवड्यात आणखी पाणी घाल. आपण आमटी वाढवतो तसंच. हंडीत पाणी जास्त ठेवण्याचं हेही एक कारण.

वाहाकात याच वाडग्यात चोचोयोतेस टाकतात. मक्याच्या ओल्या पिठात थोडी चरबी आणि मीठ मळून सुपारीएवढे गोळे करायचे, प्रत्येकाला अंगठ्याने मधे खळगा पाडायचा आणि उकळत्या रसात सोडायचे. खळग्यामुळे आतपर्यंत शिजतात आणि त्यात रस साठतो. वरणफळं किंवा शेंगोळे ज्याला येतात त्याला हे शिकवावं लागत नाही.

दुसरा दिवस: रेफ्रितोस

उरलेले दाणे रात्री रसासकट फ्रिजमध्ये जातात. पूर्ण गार झाल्याशिवाय घट्ट झाकण लावू नका, उन्हाळ्यात तर आंबायला काही तास पुरतात. सकाळी रस अर्धवट गोठल्यासारखा दाट दिसेल. हे दाणे आता रेफ्रितोससाठी तयार आहेत.

नावावरून वाटतं की दोनदा तळायचं. तसं नाही. मेक्सिकन बोलीत शब्दाआधी रे लावला की त्याचा अर्थ चांगलंच, भरपूर असा होतो. रेफ्रितोस म्हणजे नीट, खमंग परतलेले. हा प्रकार हंडीतल्या घेवड्यापेक्षा बराच अलीकडचा. स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत डुक्कर नव्हतं, त्यामुळे चरबीत परतण्याची रीतही नव्हती. 1521 मध्ये अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, त्यानंतर डुकराची चरबी म्हणजे मान्तेका हळूहळू घराघरांत शिरली. आज रेफ्रितोसची चव ती मान्तेकाचीच मानली जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना ती परकी वाटणार नाही, तिथेही याच अमेरिकन दाण्याची, चोरिसांबरोबर शिजवलेली फेजोआद होते. शाकाहारी असाल तर तेल वापरा, फक्त कांदा जास्त खमंग करा. तूप मी घालून पाहिलं, पण त्याचा वास घेवड्यावर चढतो.

रुंद लोखंडी कढई किंवा जाड तवा तापवा. दोन कप दाण्यांना तीन मोठे चमचे चरबी किंवा तेल. त्यात चतुर्थांश कांदा लांब चिरून गडद तपकिरी होईपर्यंत परता. मग दाणे आणि अर्धा कप काल्दो एकदम घाला, तडतडेल. आता लाकडी रवीच्या बोंडाने किंवा पावभाजीच्या मॅशरने ठेचायला लागा. तिथे याला माचाकादोर नावाचा लाकडी ठोकळा असतो. मिक्सरमध्ये फिरवू नका, गुळगुळीत पेस्ट होते आणि दाताखाली काही राहत नाही. अधूनमधून एखादा अख्खा दाणा दिसला पाहिजे.

पुढे घाई नको. मध्यम आचेवर खालून उलथत राहा, कडेला सुकलेला थर खरवडून आत घ्या. कोरडं वाटलं की पळीभर काल्दो. दहा-बारा मिनिटांनी उलथन्याने मधून रेघ ओढा. तळ दिसला आणि रेघ हळू मिटली तर पोळीला लावण्याजोगे झाले. आणखी पाच मिनिटं परतले तर गोळा कढईपासून सुटतो, मग कढई तिरपी करून त्याचा लांबट रोल करता येतो. आखाताच्या किनाऱ्याला तसाच रोल ताटात येतो, त्यावर चुरलेलं चीज आणि टोचलेले तोर्तियाचे तळलेले तुकडे. गार झाल्यावर लगदा बराच घट्ट होतो, म्हणून थोडा सैल असतानाच उतरवा.

नाश्त्याला याचं सगळ्यात सोपं रूप म्हणजे मोयेतेस. बोलियो नावाचा पाव उभा चिरतात, आतला थोडा मऊ भाग काढतात, रेफ्रितोस लावतात, वर चीज पसरून भट्टीत वितळवतात आणि कांदा-टोमॅटो-मिरचीची कच्ची कोशिंबीर घालतात. गोव्याचा उंडो याला अगदी जुळतो. लादीपावही चालेल, पण तो मऊ असल्याने आधी तव्यावर कडक भाजा.

तिसरा आणि चौथा दिवस

आता लगदा आणि काल्दो दोन्ही थोडे थोडे उरलेले असतात. इथून मला सर्वात आवडणारा पदार्थ होतो: एनफ्रिहोलादास. दोन कप दाणे किंवा लगदा, एक ते दीड कप काल्दो आणि तव्यावर शेकलेली एक सुकी लाल मिरची आता मात्र मिक्सरमध्ये बारीक करा. चमचाभर तेलात ओतून, पळीवरून सावकाश सरकेल इतकं दाट होईपर्यंत उकळा. तोर्तिया तेलात क्षणभर बुडवून काढा, कुरकुरीत होऊ द्यायच्या नाहीत. मग त्या गरम रसात दोन्ही बाजूंनी बुडवून, घडी घालून ताटात ठेवा. वर उरलेला रस, कांद्याच्या चकत्या, चीज, थोडी फेटलेली साय. लगेच खा, दहा मिनिटांत तोर्तिया विरघळायला लागते. वाहाकात मिरचीबरोबर ते शेकलेलं अवोकाडोचं पानही वाटतात, आणि त्या एका पानाने सगळं ताट बदलतं.

सूप करायचं असेल तर मिचोआकान राज्याची सोपा तारास्का पाहा (सोपा म्हणजे सूप): वाटलेले फिकट दाणे, भाजलेला टोमॅटो आणि भिजवलेली आंचो मिरची एकत्र उकळायची, वर तळलेल्या तोर्तियाच्या पट्ट्या आणि साय. आंचोऐवजी ब्याडगी चालते, ती रंग देते आणि झोंबत नाही.

आणि अगदी मूठभर लगदा उरला तर त्लाकोयो. मक्याच्या ओल्या पिठाची पारी करून आत लगदा भरायचा, होडीसारखा लांबट आकार द्यायचा आणि कोमालवर म्हणजे तव्यावर बिनतेलाचा भाजायचा. मेक्सिको सिटीत रस्त्याच्या कडेला बायका हे करताना दिसतात, वर निवडुंगाची भाजी आणि साल्सा.

चार दिवसांपलीकडे फ्रिजमध्ये ठेवू नका. जास्त केले असतील तर पहिल्याच दिवशी, काल्दोसकट, डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने नीट राहतात.

प्रांतोप्रांती

उत्तरेकडे गुरं पाळणाऱ्यांचा मुलूख, तिथे फ्रिहोलेस चार्रोस: पिंतो दाणे, खारवलेलं डुकराचं मांस, चोरिसो म्हणजे मसालेदार सॉसेज, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, सगळं रसदार. त्यात बिअर ओतली की नाव होतं बोर्राचोस, म्हणजे झिंगलेले. सोनोरात लगद्यात भरपूर चीज घोटतात. सिनालोआकडे पुएर्कोस करतात, चरबी-चोरिसो-चीज घातलेले, जड आणि लग्नाकार्याचे.

युकातानची तऱ्हा निराळी. माया भाषेत घेवड्याला बुउल म्हणतात. तिथे सोमवारी फ्रिहोल कोन पुएर्को करण्याची प्रथा आहे: काळ्या घेवड्यात डुकराचं मांस शिजवतात, भात त्याच काळ्या रसात करतात, आणि मुळा, कांदा, कोथिंबीर, लिंबू ज्याचं त्याने वरून घ्यायचं. फ्रिहोल कोलादो म्हणजे वाटून गाळलेला, रेशमासारखा काळा रस. पानुचो नावाच्या तोर्तियाचा पदर फुग्यासारखा उघडून त्यात हाच घट्ट लगदा भरतात आणि मग तळतात. युकातानातच मला एका तामालमध्ये, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थात, ओळखीचा दाणा भेटला. एश्पेलोन म्हणून जो विकतात तो घेवडा नाही, ती आपली चवळी. ती आफ्रिकेतून अमेरिकेत गेली, म्हणजे आपल्या राजम्याच्या उलट दिशेने प्रवास करून.

खानावळीत बसल्यावर

मेक्सिकोत गेलात तर फोंदा म्हणतात त्या छोट्या घरगुती खानावळीत दुपारचं जेवा. आधी सूप येतं, मग भात, मग मुख्य पदार्थ. फ्रिहोलेस बऱ्याच ठिकाणी त्यानंतर, गोडाच्या आधी, लहान वाडग्यात येतात. जेवण संपलं असं समजून उठू नका.

शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न पाठ करून ठेवावा: “लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?” घेवड्यात चरबी आहे का? नुसतं मांस आहे का असं विचारलं तर उत्तर नाही असं येईल, कारण चरबीला तिथे कुणी मांस समजत नाही. रेफ्रितोसमध्ये ती बहुतेक वेळा असतेच. “दे ला ओया” मागितले तर सुटायची शक्यता जास्त, पण तिथेही चमचाभर पडलेली असू शकते, तेव्हा विचारा. भातातही कोंबडीचा रस्सा असतो, तोही विचारून घ्या. प्रश्न विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. मला तर एकदा आचारीणबाईंनी आत नेऊन, तेलात वेगळे परतून दिले, आणि परततानाच सांगितलं की पुढच्या वेळी सकाळी अकराच्या आत ये, हंडी तेव्हा नुकतीच उतरलेली असते.